विश्लेषण : माहजाँग टिकला, गंजिफा काचेत गेला, रमी मोबाइलमध्ये शिरली… बैठा खेळ जगतो कशावर?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि रमी पुन्हा चर्चेत आली. त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्रात तिच्यावरून मंत्र्याचे खाते बदलले होते. विधान परिषदेच्या सभागृहात तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसत असल्याची चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी २० जुलैला प्रसिद्ध केली. आपण खेळत नव्हतो, मोबाइलवर आलेला खेळ बंद करत होतो, असे कोकाटे यांचे म्हणणे होते. तरीही महिनाअखेरीस कृषी खाते त्यांच्याकडून दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले आणि कोकाटे यांच्याकडे क्रीडा खाते आले.

या सगळ्या गदारोळात चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरली. रमी हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा? आणि त्यावर बंदी हवी की नको? पण चार जण एकत्र बसून खेळतात ते खेळ पिढ्यानपिढ्या का टिकतात आणि कधी घातक का होतात, याचे उत्तर या दोन प्रश्नांत सापडत नाही. त्यासाठी रमीच्याच कुळातला, जगभर पसरलेला एक चिनी खेळ आणि आपल्याकडचा जवळपास विस्मरणात गेलेला एक खेळ पाहायला हवा.

माहजाँग म्हणजे काय? त्याचा रमीशी संबंध काय?

माहजाँग हा चार जणांनी चौकोनी टेबलाभोवती बसून खेळायचा चिनी खेळ. पत्त्यांऐवजी त्यात सोंगट्या असतात, पूर्वी हाड आणि बांबूच्या, आता बहुतेक प्लास्टिकच्या. पूर्ण संचात १४४ सोंगट्या असतात. वर्तुळे, बांबू आणि चिनी अंक असे तीन रंग, त्यांच्या जोडीला चार दिशांचे वारे, तीन 'ड्रॅगन' आणि फुला-ऋतूंच्या आठ सोंगट्या.

नियम ऐकले की मराठी माणसाला ओळखीचे वाटतात. हातात १३ सोंगट्या. पाळी आली की एक उचलायची, एक टाकायची. ओळीने येणारे तीन अंक किंवा एकसारख्या तीन सोंगट्या यांचे गट लावत जायचे. चार गट आणि एक जोडी जुळली की डाव संपला. आपल्याकडच्या तेरा पानी रमीतही हेच होते. पान उचला, पान टाका, सिक्वेन्स आणि सेट लावा, समोरच्याने काय टाकले यावरून त्याच्या हातात काय असेल याचा अंदाज बांधा. रमीच्या कुळाचा उगम मेक्सिकोतल्या 'कॉनकियन' या खेळात की चिनी पत्त्यांत, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दोन्ही खेळांचा गाभा एकच आहे यावर वाद नाही.

माहजाँग कन्फ्युशियसने शोधला, तो हजारो वर्षे जुना आहे, असे सांगितले जाते. ती विक्रीसाठी रचलेली दंतकथा आहे. प्रत्यक्षात तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शांघाय-निंगबो परिसरात जुन्या चिनी पत्त्यांच्या खेळांतून तयार झाला. म्हणजे तो आपल्या रेल्वेहूनही जुना नसावा.

मग तो जगभर कसा पोहोचला?

शांघायजवळच्या सूचौ शहरात एका अमेरिकी तेल कंपनीसाठी काम करणाऱ्या जोसेफ पार्क बॅबकॉक यांनी १९२० च्या सुमारास या खेळाचे नियम सोपे करून इंग्रजीत छापले आणि सोंगट्यांवर इंग्रजी आकडे घातले. पुढच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेत त्याची लाट आली. मागणी इतकी वाढली की सोंगट्यांसाठी अमेरिकी कत्तलखान्यांतली हाडे जहाजाने शांघायला पाठवली गेली. लाट दशक संपायच्या आत ओसरली. अशा लाटांचे पुढे जे होते, तेच याचेही व्हायला हवे होते.

तसे झाले नाही, याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर बायकांकडे जाते. १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'नॅशनल माहजाँग लीग' स्थापन झाली. तिच्या संस्थापक आणि सभासद प्रामुख्याने ज्यू समाजातल्या महिला होत्या. लीग दरवर्षी विजयी जुळण्यांचे नवे कार्ड काढते, त्यामुळे सगळ्यांना दरवर्षी थोडे नव्याने शिकावे लागते. आठवड्यातला एक ठरलेला वार, चार जणी, चहा-खाणे आणि टेबल ही रीत आईकडून लेकीकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, तेव्हा तिथेही माहजाँगचे डाव चालत.

भारतात हा खेळ हाँगकाँग, कोलकाता, मुंबई अशा बंदरांतून आणि ब्रिटिश क्लबांतून आला. तो गावोगाव पसरला नाही, पण एका ठिकाणी मात्र घट्ट रुजला. सैन्यदलांच्या वसाहतींत अधिकाऱ्यांच्या पत्नींमध्ये तो आजही खेळला जातो. कारण उघड आहे. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवे शहर, नवे शेजार. अशा वेळी सोंगट्यांची पेटी उघडली की तीन ओळखी तयार होतात. मुंबईच्या जुन्या क्लबांमध्येही त्याचे टेबल लागते.

म्हणजे माहजाँग ज्या ज्या ठिकाणी टिकला, तिथे तो कुणाच्या तरी एकटेपणावर उपाय म्हणून टिकला. त्याची सुबक सोंगटी लोकांना आकर्षित करते. पण आठवड्याचा वार पाळला जातो तो समोरच्या तिघींसाठी.

आपल्याकडचा गंजिफा का मागे पडला?

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ इराणी परंपरेतून मुघलांबरोबर भारतात आला. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याचा उल्लेख आहे. मुघल गंजिफ्यात आठ रंग आणि ९६ पाने असतात. आपल्याकडे त्याचे दशावतारी रूप तयार झाले. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ पाने, एकूण १२० पाने. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची, असे त्याचे नियम.

सावंतवाडीच्या चितारी समाजाने या पत्त्यांच्या रंगकामाची परंपरा सांभाळली. ती लोप पावत असताना सावंतवाडी राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या कारागिरांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात तिला आश्रय दिला. आजही तिथे हे पत्ते हाताने रंगवले जातात. पर्यटक ते विकत घेतात आणि चौकटीत लावून भिंतीवर टांगतात.

गंजिफ्याची कला वाचली, ही मोठीच गोष्ट आहे. पण १२० पाने पिसून डाव मांडणारे घर आज शोधावे लागेल. छापील ५२ पानांचा कॅट स्वस्त होता, खिशात मावत होता आणि शिकायला सोपा होता. एकदा गावात गंजिफा खेळणारे तीनच उरले की चौथा नवा शिकत नाही, आणि मग ते तिघेही खेळू शकत नाहीत. कुठल्याही कायद्याने गंजिफा संपवला नाही. सोबती संपले, म्हणून तो संपला.

राहूसारख्या गावात पत्ते काय करत होते?

पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या पट्ट्याला 'राहू बेट' म्हणतात. भीमेपलीकडे शिरूर तालुका. बारमाही पाणी, ऊस, गुऱ्हाळे आणि पुण्याला नोकरी-धंद्यासाठी रोज ये-जा करणारी माणसे असा हा भाग. पश्चिम महाराष्ट्रातल्या अशा कोणत्याही बागायती गावात पत्त्यांची जागा ठरलेली असते. पार, देवळाचा ओटा, चावडीची पायरी, सलूनच्या बाहेरचा बाक. रोज पुण्याला जाणाऱ्यांसाठी पॅसेंजरचा डबा आणि मांडीवरची बॅग.

ऊसशेतीच्या वेळापत्रकात वाट पाहण्याला बराच वेळ जातो. रात्री वीज येण्याची वाट, पाणी सुटण्याची वाट, तोडणीची पाळी येण्याची वाट, वजनकाट्यावर बैलगाडी-ट्रॅक्टरच्या रांगेत नंबर लागण्याची वाट. पत्त्याचा कॅट हा या रिकाम्या वेळेचा स्वस्त सोबती होता. मुलांसाठी झब्बू, गुलामचोर, बदाम सात, पाच-तीन-दोन. मोठ्यांसाठी मेंढीकोट आणि रमी. डावाच्या निमित्ताने उसाचा भाव, कुणाची सोयरीक, कुणाच्या विहिरीला पाणी किती, सोसायटीच्या निवडणुकीत कोण उभे, हे सगळे बोलले जाई. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे तोही कधी डावाला भिडू म्हणून येई. खेळताना नजर पत्त्यांवर असते, त्यामुळे समोरासमोर बोलता न येणारे विषयही निघतात.

मात्र या पाराचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली, तिथे बाई बसत नाही. गावातल्या बायकांच्या वाट्याला पत्ते आले ते घरात, सुटीत मुलांबरोबर. वाट पाहण्याचा रिकामा वेळही बहुतेक पुरुषांच्याच वाट्याला आला. दुसरी, पार आणि जुगाराचा अड्डा यांच्यातले अंतर फार नसते. दहा-वीस रुपयांपासून सुरू झालेली रमी तीन पत्तीवर जाते, कुणी तरी जागा आणि कॅट पुरवून प्रत्येक डावातून आपली नाल, म्हणजे हिस्सा काढू लागतो, आणि घरातले दागिने सावकाराकडे पोहोचतात. ग्रामीण महाराष्ट्रात हे घडत आले आहे आणि त्याची झळ सर्वात आधी घरातल्या बाईला बसते.

कायद्याने काय पाहिले?

महाराष्ट्रात आजही १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. जुगाराचा अड्डा चालवणे हा त्यातील कलम ४ चा, तिथे सापडणे हा कलम ५ चा आणि सार्वजनिक ठिकाणी जुगार खेळणे हा कलम १२ चा विषय. छाप्याच्या बातम्यांत हेच आकडे वाचायला मिळतात. कलम १३ मात्र निव्वळ कौशल्याच्या खेळाला या कायद्यातून वगळते.

म्हणून सगळी लढाई 'कौशल्य' या शब्दावर आली. १९६७ मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीबाबत महत्त्वाचा निर्णय दिला. सिकंदराबादच्या एका क्लबवर पडलेल्या छाप्याचे ते प्रकरण होते. रमीत कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे न्यायालयाने म्हटले. तीन पत्तीसारखे खेळ मात्र नशिबाचे. त्याच निकालात दुसरीही एक गोष्ट आहे. क्लब किंवा जागेचा मालक डावावर लागलेल्या पैशातून नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, हे न्यायालयाने मोकळे ठेवले होते.

पुढच्या काळात निकालाचा पहिला भाग सगळ्यांनी उचलला, दुसरा मागे पडला. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरल्या. स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेट आल्यावर ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी याच निकालांच्या आधारावर धंदा उभा केला.

पारावरची रमी आणि मोबाइलवरची रमी यांत फरक काय?

पत्ते तेच, नियमही तेच. बदलले ते भोवतालचे सगळे.

पारावर हरण्याला मर्यादा असते. खिशात आहे तेवढेच जाते. उसने मागितले तर चार जणांना कळते. अंधार पडतो, घरून बोलावणे येते, भिडू कंटाळून उठतो. हरणाऱ्याला 'आता बास' म्हणणारा कुणी तरी असतो, आणि जिंकलेल्याला उद्या त्याच माणसासमोर चहा प्यायचा असतो. मोबाइलवर यातले काहीच नाही. डाव रात्री दोनलाही मिळतो. समोरचा कोण, हे कळत नाही. आणि मर्यादा खिशाची न राहता बँक खात्याची होते. कारखान्याचे उसाचे बिल थेट खात्यात जमा होते. वर्षभराच्या कष्टाचा पैसा आणि पत्त्यांचा डाव हे दोन्ही एकाच यंत्रात, बोटाच्या अंतरावर आले.

दुसरा फरक हिशोबाचा आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन तुल्यबळ खेळाडू प्रत्येकी १०० रुपये लावून खेळतात. २०० रुपयांतून कंपनी १० टक्के, म्हणजे २० रुपये घेते. असे ५० डाव झाले. दोघेही सारखेच हुशार असल्याने निम्मे डाव हा जिंकला, निम्मे तो. पारावर दोघांची बरोबरी झाली असती. इथे कंपनीकडे १००० रुपये गेले आणि दोघांचेही ५०० रुपये कमी झाले. कौशल्य जितके सारखे, तितका नफा फक्त जागा पुरवणाऱ्याचा. हीच ती नाल. १९६७ च्या निकालातला मागे पडलेला भाग याच मुद्द्याबद्दल होता.

तिसरा फरक जाहिरातीचा. पाराची जाहिरात कुणी करत नाही. ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींत नामवंत खेळाडू आणि अभिनेते दिसू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन आमदार बच्चू कडू यांनी अशाच जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घराबाहेर आंदोलन केले होते.

२०२५ च्या कायद्याने काय बदलले?

'ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५' लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ऑगस्टला मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता.

या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ 'मनी गेम' ठरतो. तो पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पैसे नसलेले 'सोशल' खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांना मात्र प्रोत्साहन आहे. कायद्याला वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान मिळाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

कंपन्यांचा आक्षेप असा की, कौशल्याचा खेळ हा घटनेने दिलेल्या व्यवसाय स्वातंत्र्याचा भाग आहे आणि बंदीमुळे खेळाडू परदेशी, बेकायदा ॲपकडे वळतील. दुसरी शंका दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण पहिल्या आक्षेपात कौशल्य खेळाडूचे आणि नफा कंपनीचा, ही गल्लत आहे. वरच्या उदाहरणात दोघे कितीही कुशल असले तरी हरलेच.

त्याच वेळी एक विसंगती उरते. ऑनलाइनच्या बाबतीत कायदा आता पैसा पाहतो, पारावर मात्र १८८७ चा कायदा कौशल्य पाहतो. मोबाइलवर खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण देवळामागे वीस रुपयांवर खेळणाऱ्या चौघांवर गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यात नाल काढणारा कुणी आहे की नाही, हा फरक बहुतेक वेळा ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतो.

चीन आणि जपानने हा प्रश्न कसा हाताळला?

माहजाँगच्या मायभूमीत हाच पेच आला होता. १९४९ नंतर चीनमध्ये जुगारावर बंदी आली आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माहजाँगही जुन्या समाजाची घाण म्हणून दडपला गेला. १९८० च्या दशकात तो परतला. १९९८ मध्ये तिथल्या क्रीडा यंत्रणेने त्याचे स्पर्धेचे नियम ठरवले. पण बैठकीत थोडे पैसे लावण्याची सवय कायम होती.

२००५ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि अभियोग यंत्रणेने एक रेषा आखली. नफ्याचा हेतू नसलेला, किरकोळ पैशांचा करमणुकीचा डाव जुगार मानायचा नाही. माहजाँगची खोली भाड्याने देणाऱ्याने फक्त जागेचे आणि सेवेचे नेहमीचे शुल्क घेतले तर त्यालाही जुगार अड्डा मानायचा नाही. ही रेषा पुरेशी स्पष्ट नव्हती, हे २०१९ मध्ये दिसले. जियांगशी प्रांतातल्या युशान जिल्ह्याच्या पोलिसांनी माहजाँगच्या सगळ्या खोल्या बंद करण्याचे जाहीर केले. आता वृद्धांनी जायचे कुठे, असा सवाल लोकांनी केला आणि पोलिसांना खुलासा करावा लागला, की रोख फक्त जुगारावर आहे.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष इथे उपयोगी आहे. चीनमधल्या मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांच्या पाहणीत, शहरांत नियमित माहजाँग किंवा पत्ते खेळणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आढळली. ग्रामीण भागात मात्र तसे दिसले नाही. तिथे खेळ अधिक चुरशीचा आणि कधी पैजेचा असतो, हे त्यामागचे कारण असू शकते, असे संशोधकांनी सुचवले. अशा पाहणीवरून खेळामुळेच मन चांगले राहते असे सिद्ध होत नाही. चांगल्या मनाची माणसेही जास्त खेळत असतील. तरी सोबत आणि पैज या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, एवढे त्यातून नक्की कळते.

जपानने ते प्रत्यक्षात करून पाहिले. तिथे माहजाँगची प्रतिमा धुराने भरलेल्या, पैजेच्या खोल्यांशी जोडलेली होती. गेल्या काही दशकांत तिथे 'आरोग्य माहजाँग' नावाची चळवळ रुजली. तिचे नियम तीन. पैज लावायची नाही, दारू प्यायची नाही, धूम्रपान करायचे नाही. वृद्ध माणसे, त्यातही मोठ्या संख्येने महिला, या वर्गांना जाऊ लागल्या. खेळ तोच राहिला, खोलीचे नियम बदलले.

आपण यातून काय घ्यायचे?

ऑनलाइन रमीवरची बंदी न्यायालयात टिकली, तरी राहूसारख्या गावातला प्रश्न तिथे संपत नाही. ज्याच्या हातात रात्री दोनला मोबाइल आहे, त्याला खेळापेक्षा सोबत कमी पडते आहे. त्याच्या आधीच्या पिढीला ती पारावर मिळत होती, तिच्यातल्या सगळ्या दोषांसकट. ॲप गेले तर त्या जागी काय येणार, याचे उत्तर कायद्यात नाही आणि असण्याची गरजही नाही.

ते उत्तर गावात मिळू शकते. पुण्यासारख्या शहरांत महापालिकांनी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे उभारली आहेत. तिथे वर्तमानपत्र, कॅरम, पत्ते आणि गप्पा असतात. गावांत समाजमंदिरे, वाचनालये आणि ग्रामपंचायतीच्या खोल्या आहेत, पण अनेकदा त्यांना कुलूप असते. जपानचे तीन नियम भिंतीवर लिहून तीच खोली संध्याकाळी दोन तास उघडली, तर खर्च कॅटचा आणि दिव्याचा. त्यातले काही दिवस बायकांसाठी राखले, तर पाराची जुनी उणीवही भरून निघेल. अमेरिकेतल्या महिलांनी माहजाँग टिकवला तो अशाच ठरलेल्या वाराच्या जोरावर.

कायद्याच्या बाजूने एक काम मात्र करण्यासारखे आहे. १८८७ च्या कायद्यात कौशल्याच्या जोडीला दुसरी कसोटी आणता येईल. डावातून हिस्सा कोण काढतो? कुणीच काढत नसेल आणि रक्कम किरकोळ असेल तर पोलिसांनी तिकडे वळू नये. कुणी काढत असेल, मग तो अड्ड्याचा मालक असो की ॲपचा, तर खेळ कितीही बुद्धीचा असला तरी तो धंदा आहे आणि त्याला धंद्याचे नियम लागावेत. सत्यनारायण खटल्यात न्यायालयाने हे दार १९६७ मध्येच उघडे ठेवले होते.

गंजिफा आज काचेत आहे, कारण त्याला भिडू उरले नाहीत. रमीला भिडू भरपूर आहेत, पण त्यातले बरेच जण आज एकेकटे खेळतात. माहजाँगचा दीडशे वर्षांचा प्रवास एवढेच सांगतो की, टेबलाभोवती चार माणसे नियमाने बसत राहिली तर खेळ बंदीतून आणि लाटेतूनही तरून जातो. राहूच्या पारावर ती चार माणसे अजून आहेत. त्यांना बसायला पैज नसलेली जागा देणे हे दिल्लीच्या कायद्याची वाट न पाहता ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीतही ठरवता येईल.